व्हॅलियंट विकणे आहे

जाहिरात नूतननं लिहिली होती. तिच्यातलं शेवटचं वाक्य मात्र नागसेननं लेकीकडून तीनदा बदलून घेतलं. 'प्लिमथ व्हॅलियंट, १९६१, चालू स्थितीत' एवढं पहिल्या फटक्यात जमलं, पुढचं काही केल्या जमेना. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं: 'स्वतः चालवणाऱ्यालाच विकणे आहे. शोभेसाठी कृपया फोन करू नये.'

तरी आठ दिवसांत चाळीस फोन आले, आणि त्यातले अडतीस शोभेसाठीच होते.

रविवारी सकाळी पोंभुर्ण्याच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये नागसेन गाडीवरची चादर काढत होता. नूतन चंद्रपूरच्या बँकेतून दोन दिवसांची रजा काढून आली होती. बाजूच्या शेतात कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या आणि त्या उचलणाऱ्या बाया मधूनमधून इकडे बघत होत्या. चादर मागच्या बाजूनं सुटली, छतावरून घसरली आणि बोनेटवरून खाली आली. नूतननं ही गाडी पत्र्याचा सांगाडा असल्यापासून पाहिली होती. गाडीच्या पोटात कोंबड्यांनी अंडी घातलेलीही तिला आठवत होती. तरी दर वेळी चादर निघाली की तिचं बोलणं थांबायचं.

मोराच्या मानेसारखा रंग. तो बाबांनी मनानं दिलेला नव्हता. डॅशबोर्डातल्या कप्प्याच्या बिजागरीखाली मूळ रंगाचा नखाएवढा तुकडा सापडला होता. तो घेऊन ते नागपूरला चार वेळा गेले तेव्हा कुठे जुळला. मागचे दिवे मांजराच्या डोळ्यांसारखे तिरके. डिकीच्या झाकणावर पत्र्यातच उठवलेलं चाकाचं गोल. आत गियरचा दांडा नाही. स्टिअरिंगच्या कडेला पाच बटणं, ती दाबली की गियर पडायचा. आणि इंजिन सरळ उभं नव्हतं, एका कुशीवर कललेलं होतं. सहा वर्षं ऊर्जानगरच्या वीज प्लांटमधली फिटरची नोकरी सांभाळत, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलनं इथं येऊन, आणि रिटायर झाल्यावर पुढची तीन वर्षं रोज, नागसेननं हे सगळं पुन्हा उभं केलं होतं.

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं. नूतननं पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला नेऊन बोनेटवर ठेवला. हा बाप-लेकीचा जुना खेळ होता. पेल्यातलं पाणी नुसतं शहारल्यासारखं झालं आणि स्थिरावलं.

"ऐकून राह्यली?" नागसेन हळूच म्हणाला.

"हो बाबा."

तेवढ्यात फाटकातून संघपालची जिप्सी आत आली. नागसेनचा हा धाकटा भाऊ मोहर्लीत सफारीच्या तीन गाड्या चालवायचा आणि आता एका रिसॉर्टमध्ये भागीदारही झाला होता. तो उतरला तो बोलतच.

"मले माझा ड्रायव्हर मोबाइलवर फोटो दाखवते, दादा. म्हणे, साहेब, तुमच्या घरची गाडी विकाऊ आहे. मी त्याले काय सांगू?"

"खरं आहे म्हणून सांग," नागसेन म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

*

संघपालला खरं तर ओरडायचं नव्हतं. येताना मूल गावाच्या वळणापर्यंत तो मनाशी शांत वाक्यं जुळवत आला होता. पण ही गाडी समोर आली की त्याचा आवाज आपोआप चढायचा. तो सतरा वर्षांचा असताना बाबा, म्हणजे लहानू, गेले होते. त्यांनी ही गाडी लाकडाच्या ठेकेदाराच्या बंद पडलेल्या डेपोतून भंगारात घेतली आणि बैलगाडीला बांधून ओढत आणली, तेव्हा सगळं पोंभुर्णा हसलं होतं. संघपालही हसला होता. ते त्याला अजून टोचत होतं.

"विकायची काऊन?" त्यानं विचारलं. "पैशाची नड आहे का? असन तर मले सांग."

"नड नाई."

"मंग मोहर्लीले दे. रिसॉर्टच्या दारात काचेचं शेड बांधतो. वरून दिवे. बाबाचा फोटो लावतो, नाव लिहितो: लहानूजी, या गाडीचे चालक. येनारा जानारा थांबन, पाहीन, फोटो काढन. हैदराबादचा एक हॉटेलवाला तुझ्या किमतीच्या दुप्पट द्याले तयार आहे, मी त्यालेही नाई म्हटलं. घरातच राहू दे ना तिले."

"काचेत?"

"मंग? पावसात ठेवू का?"

"संघपाल, ही चालाची वस्तू आहे," नागसेन म्हणाला. "तीन महिने उभी ठेवली तर रबरं वाळते. वर्षभर ठेवली तर आतून जाम होते. तू काचेत ठेवशीन, अन् पाच वर्षांनं तिच्यात माझं काहीच राहनार नाई, निसता रंग राहीन."

"तर मंग तू चालव. तुले कोनं अडवलं?"

फडकं घेऊन नागसेन आरसा पुसू लागला. आधीच लख्ख असलेला आरसा.

नूतन आतापर्यंत बापाच्या बाजूनं उभी होती. तिनं एकदा बापाकडे पाहिलं, आणि तिला ते फडकं बघवलं नाही.

"काका, बाबाले काचबिंदू आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यायले. डाव्यानं बाजूचं दिसतच नाई. डॉक्टरनं गाडी चालवाले मना केलं. चार महिने झाले."

"नूतन," नागसेन म्हणाला.

"सांगू द्या बाबा. त्यायले वाटते तुम्ही हट्टानं करून राह्यले."

संघपाल भावाकडे बघत राहिला. त्याला आठवलं, मागच्या महिन्यात दादा मोहर्लीला एसटीनं आला होता. त्यानं थट्टा केली होती: एवढी मोटर दारात अन् एसटीनं येते. दादाही हसला होता.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगाचं," नागसेन म्हणाला. "अजून दिसते. अजून दोन-तीन वर्षं थोडं थोडं दिसन म्हनते डॉक्टर. तेवढ्यात कोनाच्या तरी हाती द्याची आहे, ज्याले मी शिकवू शकन. आवाज कसा पाह्यजे, बटन दाबल्यावर किती दम धराचा. मी आंधळा झाल्यावर कोनाले दाखवू?"

संघपालनं जिप्सीच्या मडगार्डवर बूड टेकवलं. त्याचा सगळा राग पायातून उतरून गेला होता आणि त्याच्या जागी काय ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं सवयीनं आईकडे पाहिलं.

अंजनाबाई शेडच्या दाराशी खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐंशीची बाई. नऊ वर्षं पोरगा या शेडमध्ये राबला, तिनं रोज चहा दिला, आणि गाडीला एकदाही हात लावला नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीत गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली, तेव्हा सगळे आळीपाळीनं बसले. ती बसली नाही. ठेकेदाराच्या नोकरीत नवऱ्याची उमर गेली म्हणून तिला या गाडीचा राग आहे, असं दोन्ही पोरांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"माय, तू सांग," संघपाल म्हणाला. "विकाची का?"

"विका," अंजनाबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "पन मानूस पाहून."

*

माणूस अकराच्या एसटीनं आला. फोनवर त्यानं नाव देवानंद सांगितलं होतं. मूलच्या आयटीआयत तो मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचा. चाळिसांतल्या उरलेल्या दोघांपैकी हा एक. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्याच्या हाताला धरून एक म्हातारा चालत होता, काटक, पाठीत वाकलेला, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा.

"माझे वडील, मनसाराम," देवानंद म्हणाला. "जाहिरातीतला फोटो दाखवला, तर दोन रोजपासून झोपले नाईत. मले पाहाचीच आहे म्हने."

"या ना, बसा," नागसेन म्हणाला.

म्हातारा बसला नाही. तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला. डिकीवरच्या त्या उठावदार गोलावर त्यानं तळहात ठेवला आणि कडेकडेनं पूर्ण गोल फिरवला.

"हेच चाक," तो म्हणाला. "याच्यावरून दोर फिरवला होता मी. पत्र्याले ओरखडा नको म्हनून खाली माझ्या बायकोचं, मैनेचं लुगडं घातलं होतं."

अंजनाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मैना. साठ वर्षांत हे नाव तिच्या कानावर दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. ती उठली. गुडघ्यांवर हात देत चार पावलं चालत गेली आणि म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. तिनं त्याचा चेहरा ओळखला नाही. तिला आठवत होते ते उघडे काळे खांदे, आणि त्यांच्यामागं सगळं पाणीच पाणी.

"मनसारामभाऊ, मी लहानूची बायको," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "मोटरीतली बाई," तो म्हणाला. "तू आहेस, बाई?"

"आहे. मैना?"

"मैनेले जाऊन अकरा वर्षं झाले."

अंजनाबाईनं मान खाली घातली. मग तिनं नागसेनकडे बोट केलं.

"हा पाहा," ती म्हणाली. "हाच तो."

कोणालाच काही कळेना. देवानंद बापाकडे बघत होता, नूतन आजीकडे. मनसाराम नागसेनजवळ गेला आणि डिकीवर फिरवला होता तसाच हात त्यानं साठीच्या नागसेनच्या डोक्यावरून फिरवला.

"माय, काय आहे हे?" नागसेननं विचारलं.

अंजनाबाई खाटेवर बसली. तिनं मनसारामलाही बाजूला बसवून घेतलं.

"पोळा झाला होता," ती म्हणाली. "आम्ही वैनगंगेच्या पलीकडं डेपोवर राहत होतो. तुझा बाबा ठेकेदाराचा ड्रायव्हर. ठेकेदार कलकत्त्याले गेला होता. मले दोन रोजपासून कळा, अन् डेपोतली सुईन म्हने, पोर आडवं आहे, चांद्याच्या दवाखान्यात न्या, नाई तर दोन्ही जाते. बैलगाडीनं कवा पोचतो? तुझ्या बाबानं शेडचं कुलूप तोडलं अन् मालकाची मोटर काढली."

"घाटावर पूल नव्हता," मनसाराम म्हणाला. "दोन डोंगे, म्हंजे लाकडी नावा जोडाच्या, वरून फळ्या टाकाच्या, अन् त्याच्यावर मोटर चढवाची. हे काम आमचंच. पन त्या रोजी पानी लाल झालं होतं. मी म्हटलं, लहानूभाऊ, नाई जमत. त्यानं काही म्हटलं नाई. मोटरीचं दार उघडून दाखवलं. आत ही होती. मैनेनं पाह्यलं अन् मले म्हने, फळ्या टाक."

"बाबू, तू विश्वास नाई ठेवनार," अंजनाबाई नागसेनला म्हणाली. "एवढी मोठी मोटर, अन् खालून नदी वाहून राह्यली. मी काचेतून पाहत होतो, तर झाडं मागं चालले होते अन् चाकं जागेवर. मले वाटलं, मी मेलो अन् हे मेल्यानंतरचं आहे."

मधल्या धारेत कळ आली. दोन डोंगे, दोन बांबू. एक मनसारामच्या हातात, एक मैनेच्या. आतून किंकाळी आली तशी मैनेनं नवऱ्याकडे पाहिलं. ती आत गेली तर तिचा बांबू कोण धरणार, हा प्रश्न होता. लहानूनं तो धरला.

"त्यानं जिंदगीत डोंगा चालवला नव्हता," मनसाराम म्हणाला. "मी सांगो, दाब, तर दाबे. सोड म्हटलं तर सोडे. नदीत मोटरीचा ड्रायव्हर अन् मोटरीत नावाडीन. मी म्हटलं, पलीकडचा काठ गाठनं होत नाई, धारेले देऊन टाकू. अर्धा कोस खाली वाहत गेलो. तिथी रेतीचं बेट होतं, पान्यातून हातभर वर. त्याच्यावर डोंगे लागले."

"मैनेनं आत हात घालून पोर फिरवलं," अंजनाबाई म्हणाली. "मागच्या शिटेवर. ना दिवा, ना गरम पानी. चारी दिशेनं पूर. अन् तू रडला."

धान उचलणाऱ्या बाया कुंपणाशी येऊन कधी उभ्या राहिल्या होत्या ते कळलंही नव्हतं.

"पानी उतरल्यावर बेटावरून निघालो, दोन रोज यायच्या अंगनात राह्यलो. तुझ्या बाबानं अन् यानं रेती-रिठ्यानं शीट धुतली, उन्हात वाळवली, मोटर परत पलीकडं नेऊन शेडमध्ये जशीच्या तशी लावली, नवीन कुलूप घातलं. मले शपथ घातली: पोर घरी झालं म्हनाचं. आपल्या लोकायच्या बाईचं बाळंतपन मालकाच्या शिटेवर झालं हे ठेकेदाराले कळलं असतं, तर नोकरी तर गेलीच असती, पन हात-पायही राह्यले नसते."

"गावात मैनेलेही विचारलं," मनसाराम म्हणाला. "कोनाचं बाळंतपन केलं, कोन्या जातीची होती? मैना म्हने, मोटरीतल्या बाईचं. त्याच्यापुढं ती कधी बोलली नाई. मीही नाई बोललो."

"पन नंतर काऊन नाई सांगतलं, माय?" संघपालनं विचारलं. "बाबानं भंगारात घेतली, आम्ही हसलो. तवा तरी सांगाचं होतं."

"ते म्हने, चालू करतो, नागसेनले मागं बसवतो, घाटावर नेतो अन् तिथीच सांगतो. ते चालू कराच्या आधीच गेले. मंग मी म्हटलं, जाऊ दे." अंजनाबाई थांबली. "अन् मंग एक दिवस यानंच आपल्या मनानं पाना उचलला. कोनी सांगतलं नव्हतं त्याले. मले भेव वाटे. मी सांगतलं तर याचा हात थरथरन, काम अर्धं राहीन. म्हनून चूप राह्यलो."

*

नागसेन उभाच होता. गाडीत एकूण किती बोल्ट आहेत ते तो झोपेतही सांगू शकला असता. मागची सीट त्यानं स्वतः उकलली होती. काथ्या काढला, स्प्रिंगा रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या, चौकट घासली. चौकटीच्या कोपऱ्यात, वेल्डिंगच्या सांध्यात, बारीक पांढरी रेती बसलेली होती. ती निघता निघेना. त्यानं दाभणानं कोरून काढली आणि डेपोतल्या कुठल्या तरी आळशी माणसाला शिवी दिली होती. दोन ओंजळी रेती. झाडून बाहेर फेकली होती.

तो गाडीजवळ गेला. त्याला काहीतरी तपासायचं होतं, पण काय ते आठवेना. आयुष्यभर तो फॉर्मांवर जन्मगाव लिहीत आला होता: लाकडाचा डेपो, जिल्हा चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर. आणि जन्मगाव हे इथं, चार चाकांवर, त्याच्याच हातानं रंग देऊन उभं होतं.

"नागसेनभाऊ," देवानंद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मले हे ठाऊक नव्हतं. बाबा निसतं म्हने, आमच्या डोंग्यावरची मोटर. मी आता ही गाडी मागू शकत नाई. आम्ही जातो."

"थांबा," नागसेन म्हणाला. खिशातून किल्ली काढून त्यानं ती देवानंदच्या हातात दिली. "घाटावर नेऊन दाखवा. चालवा तुम्ही."

मनसाराम पुढं लेकाच्या बाजूला बसला. नागसेननं मागचं दार उघडून धरलं. अंजनाबाई क्षणभर उंबरठ्यापाशी थांबावं तशी थांबली, चप्पल काढली, हातात घेतली आणि आत बसली. तिच्या बाजूला नागसेन बसला. मागच्या सीटवर बसण्याची ही त्याची पहिलीच वेळ आहे असं त्याच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी त्याला कळलं की ते खरं नाही.

संघपाल आणि नूतन जिप्सीतून मागं निघाले.

देवानंदनं बटण दाबलं. लगेच पाय दाबला नाही. गियर पडल्याचा तो बारीक धक्का अंगाला लागेपर्यंत थांबला आणि मग गाडी सोडली. नागसेननं डोळे मिटून घेतले. आता त्याला फक्त ऐकायचं होतं. डांबरी रस्ता, मग खड्डे, मग जंगलातला चढ. चढाला नवशिका हमखास घाई करतो. देवानंदनं केली नाही. इंजिन स्वतःहून दम घेईपर्यंत त्यानं वाट पाहिली. नागसेनच्या हाताखाली सीटचं नवं कापड होतं, आणि त्या हातावर कधीतरी आईचा हात येऊन पडला होता.

घाटावर उन्हं पसरली होती. नदी आटायला लागलेली, निळी, रुंद, मधे रेतीचे पट्टे. गाडी काठाशी थांबली. सगळे उतरले.

"ते बेट कोनतं?" संघपालनं विचारलं.

मनसारामनं हात उचलला, नदीवरून फिरवला आणि खाली केला. "रेती एका जागी राहत नाई, पोरा. साठ पूर गेले तिच्यावरून. इथीच कुठी तरी."

नागसेन पाण्याकडे बघत राहिला. त्याला समोरचं मधलं पाणी दिसत होतं. कडा धुक्यासारख्या विरलेल्या होत्या. तेवढंही पुष्कळ होतं. पुरात, दोन डोंग्यांवर, एक ड्रायव्हर आयुष्यात पहिल्यांदा बांबू दाबतो आहे, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"देवानंदभाऊ," तो म्हणाला, "तुमचं गाव हेच ना, वरचं? इथूनच न्या. आधी घरी. कागद आपन उद्या करू."

"भाऊ, खरंच..."

"चढाले तुम्ही थांबले," नागसेन म्हणाला. "मी ऐकलं. हप्त्यातून एकदा मी येईन. बाकीचं शिकवतो. तुमच्या आयटीआयच्या पोरायलेही सांगीन. पन काचेत ठेवू नका."

संघपालनं भावाकडे पाहिलं. मग पुढं होऊन मनसारामला हाताला धरून गाडीत नीट बसवलं. दार त्यानंच हलक्या हातानं लावलं.

गाडी वळली आणि घाटाचा उतार सावकाश चढून धिवरांच्या, म्हणजे नावाड्या-कोळ्यांच्या वस्तीत शिरली. चौघं रेतीत उभे राहिले. आधी एक कुत्रं भुंकलं, मग माणसांचे आवाज यायला लागले, बायांचे, पोरांचे, वाढत वाढत गेलेले.

"किती लोक जमले?" नागसेननं विचारलं.

नूतननं कपाळावर हात धरून वर पाहिलं. "सगळं गावच आलं, बाबा. जाळं विनता विनता उठून आले. एका म्हातारीले खाटेवर घालून आनून राह्यले."

"मोटर दिसते?"

"नाई," नूतन म्हणाली. "मानसंच मानसं दिसते."